घाटातला निवाडा : नवी डॉमिनार आणि सौंसरचे स्वार

गिऱ्हाइकालाही मत असते आणि ते विचारात घ्यावे लागते, ही गोष्ट आपल्याकडच्या वाहनांच्या कारखानदारांच्या ध्यानी यायला स्वातंत्र्यानंतरची चांगली चार दशके जावी लागली. परवाना-परमिटाच्या अमदानीत बजाजच्या स्कूटरसाठी नाव नोंदवावे, अनामत भरावी, पावती घडी करून कपाटात जपून ठेवावी आणि नंबर लागण्याची वर्षानुवर्षे वाट पाहावी, असा शिरस्ता होता. आणि एवढ्या तपश्चर्येनंतर दारात आलेल्या गाडीचा रंग मनाजोगता नाही, किंवा थंडीच्या दिवसांत तिला अंगावर कलती केल्याशिवाय ती सुरू होत नाही, अशी कुरकुर करण्याचे कोणाच्या मनातही येत नसे. ज्या वस्तूची नुसती पावतीसुद्धा वरकड रक्कम घेऊन विकली जाई, त्या वस्तूला नावे ठेवणार कोण?

त्याच बजाज कंपनीची आजची कैफियत पाहावी. जुलै २०२५ मध्ये तिने आपली डॉमिनार ४०० ही दूरच्या प्रवासाची मोटारसायकल काही फेरफार करून नव्याने बाजारात आणली. आणि त्यांतले बरेचसे फेरफार असे, की जे गाडी चालवणारे लोक आधीपासून मागत होते किंवा स्वखर्चाने गाडीला जोडून घेत होते. गाडी दालनात येते न येते तोच तिच्यावर निवाडा देणाऱ्यांची अहमहमिका लागली. आता निवाडा देणारे पुष्कळ असले, तरी तो कोठे ऐकावा याचा विवेक वाचकाने करायला हवा. महानगरातल्या दालनाबाहेर दहा मिनिटांची फेरी मारून दिलेले मत, आणि कपाशीच्या पट्ट्यातून निघून सातपुड्याचा घाट चढलेल्या माणसाचे मत, यांचे मोल एक नव्हे. म्हणून या लेखापुरता मी सौंसरचा मुक्काम पसंत केला आहे.

सौंसर हे मध्यप्रदेशातले मराठी गाव. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर हीच जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी असल्यामुळे सौंसर-पांढुर्ण्याच्या माणसाला नागपूरला जाणे म्हणजे आपल्याच सरकारच्या दारी जाणे होते. राज्यांची पुनर्रचना झाली, मधून सीमा गेली, दफ्तरे भोपाळकडे वळली, परंतु बाजार, मोठा दवाखाना, सोयरीक आणि संत्र्याचा व्यापार यांची तोंडे नागपूरकडेच राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून सौंसर आणि पांढुर्णा या तहसिली वेगळ्या काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला, तरी या ओढीत काही फरक पडलेला नाही. नागपूरहून छिंदवाड्याला सौंसरवरून जाणारी छोट्या रुळांची रेल्वे २०१५ च्या अखेरीस रुंदीकरणासाठी बंद झाली, आणि मोठ्या रुळांवरून गाडी धावू लागेपर्यंत मधली जी वर्षे गेली, त्या वर्षांत इथल्या तरुणांची एक अख्खी पिढी दुचाकीवरूनच नागपूर गाठायला शिकली. घोड्यावर मांड ठोकावी तशी नव्हे, तर पोटापाण्यासाठी, कॉलेजासाठी आणि आजाऱ्याला भेटण्यासाठी. दूरचा प्रवास ही या लोकांना हौस होण्याआधी गरज होती, हे त्यांची मते ऐकताना विसरता येत नाही.

शिवाय येथला रस्ताच मोठा परीक्षक आहे. सावनेरहून निघून सीमा ओलांडून बोरगावच्या कारखान्यांजवळून सौंसरला येणारा रस्ता बव्हंशी सपाट. सौंसर सुटून रामाकोना मागे पडले की सातपुडा समोर उभा ठाकतो, आणि सिल्लेवानीच्या घाटात सागाच्या रानातून वळणे घेत तो रस्ता छिंदवाड्याच्या पठारावर चढतो. पुढे तामिया, पातालकोट आणि पचमढी. नागपूरचे हौशी स्वार सुटीच्या दिवशी पहाटेच निघून याच वाटेला लागतात, आणि तर्री-पोहे व चहा यांसाठी वाटेत जेथे त्यांच्या गाड्या रांगेने उभ्या राहतात तेथे स्थानिक मंडळीही जमतात. एकाच सकाळी सरळ रस्त्यावरचा वेग, घाटातली चढण, भरलेल्या ट्रकामागचे रेंगाळणे आणि मळ्याकडे वळणारी मातीची पांदण, अशा चारही कसोट्या ज्या मुलखात गाडीला द्याव्या लागतात, तेथे छापील गुणवर्णनाचा प्रभाव फार वेळ टिकत नाही.

डॉमिनारच्या जातीच्या गाडीला इंग्रजीत ‘स्पोर्ट टूरर’ म्हणतात आणि आपल्याकडेही हाच शब्द रूढ झाला आहे. शर्यतीच्या गाडीचा जोम आणि प्रवासी गाडीची बैठक यांचा संगम साधणे, हा या जातीचा उद्देश. शर्यतीच्या गाडीवर स्वार टाकीवर ओणवा होतो, त्यामुळे वारा कापला जातो पण तासाभरात कंबर आणि मनगटे धरतात. उलट निव्वळ आरामाच्या गाडीवर माणूस ताठ बसतो, त्यामुळे कंबरेला सुख होते पण छातीवर वाऱ्याचा सारा मारा येतो. हा मारा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ८० किलोमीटरवरून १०० वर जाताना वेग सव्वापट झाला तरी वाऱ्याचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. या अडचणीवर जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने १९७६ मध्ये आर१००आरएस या गाडीत तोड काढली : वाऱ्याच्या बोगद्यात प्रयोग करून घडवलेले संपूर्ण आवरण कारखान्यातूनच गाडीवर चढवले. तेव्हापासून युरोप, अमेरिका आणि जपानात या जातीची वंशावळ वाढत गेली; आपल्याकडे मात्र तिचा अवतार झाला तो बराच उशिरा आणि आपल्या ऐपतीला साजेशा लहान आकारात.

२००३ सालची हिरो होंडाची २२३ सीसीची करिझ्मा आणि २००७ सालची बजाजची पल्सर २२० ही त्या अवताराची पहिली दोन ठळक रूपे. पल्सर २२० ची हकीकत मुद्दाम सांगण्याजोगी आहे, कारण गिऱ्हाइकाच्या मताचे वजन केवढे असू शकते हे तिच्यावरून कळते. ही गाडी प्रथम आली ती इंधन फवारणाऱ्या नव्या यंत्रणेसह, म्हणजे ज्याला सारे ‘फ्यूएल इंजेक्शन’ म्हणतात त्यासह. परंतु दोनच वर्षांनी, २००९ मध्ये, कंपनीने ती यंत्रणा काढून जुना कार्बोरेटर बसवला, किंमत उतरवली, ताकद उलट किंचित वाढवली, आणि ‘फास्टेस्ट इंडियन’ म्हणून तीच गाडी गाजवली. कागदावर पाहिले तर ही पीछेहाट. पण तालुक्याच्या गावी जो मेकॅनिक बसतो त्याच्या दृष्टीने हीच खरी सुधारणा होती. पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच घराण्यातल्या २५० सीसीच्या नव्या गाड्या आल्या आणि २०२२ मध्ये २२० चे उत्पादन थांबले. नव्या गाडीचे चेहरेपट्टीसह सारे नवे होते, इंजिन मोठे होते, तरी लोकांनी जुनीचा ध्यास सोडला नाही. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपनीला ती पूर्वीच्याच रूपात परत आणावी लागली. बंद केलेली गाडी लोकमतापुढे मान तुकवून वर्षभरात पुन्हा विकायला काढावी लागणे, हा स्कूटरच्या पावतीपासून सुरू झालेल्या प्रवासाचा फारच बोलका टप्पा मानायला हवा.

डॉमिनारचा इतिहास इतका नाट्यमय नाही, पण लोकमताच्या खुणा तिच्याही अंगावर आहेत. चाकणच्या कारखान्यातून डिसेंबर २०१६ मध्ये ती आली तेव्हा तिचे ३७३.३ सीसीचे एकाच सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे इंजिन ३५ पीएस ताकद देत असे, वजन १८२ किलो होते, आणि एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जखडू न देणारी यंत्रणा, नसलेल्या गाडीची किंमत सुमारे १ लाख ३६ हजार रुपये होती. एवढ्या किमतीत एवढे इंजिन मिळणे ही त्या वेळी नवलाची गोष्ट होती, आणि त्या नवलाच्या भरात पुष्कळांनी ती घेतली. तक्रारी आल्या त्या नंतर : ठरावीक वेगाला हँडलमध्ये आणि पायाखाली जाणवणारा थरथराट, पुढच्या शॉकअपचे मऊपण, मागे सामान बांधायला जागा नसणे. २०१९ मध्ये इंजिनाचे डोके बदलून ताकद ४० पीएसवर नेली, पुढे उलट्या रचनेचे जाड फोर्क बसवले. ऑक्टोबर २०२१ मध्ये उंच काच, हातांवरची ढाल, इंजिनाखालचा पत्रा, पायांपुढचे गार्ड, मागची कॅरिअर असा सारा प्रवासी सरंजाम कारखान्यातूनच जोडून मिळू लागला. तोपर्यंत हाच सरंजाम लोक नागपूरच्या दुकानांतून एकेक करून विकत घेत आणि गावच्या वेल्डरकडून बसवून घेत असत.

आता २०२५ च्या फेरफारांकडे येऊ. इंजिन तेच, ताकद तीच. मुख्य बदल आहे तो उजव्या हाताच्या मुठीत. आतापर्यंत मूठ पिरगाळली की तारेची एक केबल ताणली जाई आणि इंजिनात हवा सोडणारी झडप तेवढीच उघडे. हात आणि झडप यांचे नाते थेट होते. नव्या गाडीत ती केबलच नाही. मूठ किती फिरली हे एक संवेदक मोजतो, तो आकडा गाडीतल्या संगणकाकडे जातो, आणि झडप किती व किती चपळाईने उघडायची हे तो ठरवून छोट्या मोटारीकरवी उघडतो. याचा परिणाम असा, की हाताची हालचाल तीच ठेवूनही गाडीचा स्वभाव बदलता येतो. म्हणून नव्या डॉमिनारला रोड, रेन, स्पोर्ट आणि ऑफ-रोड असे चार ‘मोड’ दिलेले आहेत. मोडाबरोबर ब्रेकवरील एबीएसचा हस्तक्षेपही कमीजास्त होतो. त्याशिवाय रंगीत नवी डिजिटल तबकडी, मार्गदर्शक उपकरण अडकवण्याची कारखान्यातूनच आलेली जागा आणि लांबच्या पल्ल्यासाठी थोडे बदललेले हँडल, एवढा एकंदर ऐवज. बाजारात आली तेव्हा दिल्लीच्या दालनातली किंमत सुमारे २ लाख ३९ हजार होती.

ज्याच्या घरी आधीची डॉमिनार नाही, त्याला हे सारे एकदम आवडते. संत्र्याच्या बागा असलेल्या एका घरातला, तिशीच्या आतला तरुण मला म्हणाला, “गाडी बदलली नाही भाऊ, गाडीचा सोभाव बदलला. पावसात पयले मूठ पिरगाळाले भेव वाटे.” त्याने आपल्या मित्राची जुनी गाडी पुष्कळ चालवली होती आणि नवीही. सिल्लेवानीच्या घाटात श्रावणात काय होते हे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो : सागाची रुंद पाने ओल्या डांबरावर चिकटून बसतात, ट्रकांनी सांडलेल्या डिझेलचा इंद्रधनुषी पापुद्रा वळणाच्या आतल्या अंगालाच सापडतो, आणि चढणीवर दुसऱ्या गिअरमध्ये मूठ जरा जास्त पिळली गेली तर मागचे चाक क्षणभर जमिनीशी असलेला करार मोडते. इथे रेन मोडाने झडप सावकाश उघडली, तर चूक हाताने केली तरी चाकापर्यंत ती निम्मीच पोचते. जाहिरातीत स्पोर्ट मोडाचा डंका जास्त वाजतो. पण या भागात ज्याचे नाव लोकांच्या तोंडून पुनःपुन्हा ऐकले तो मोड पावसाचा. मला हे मत अत्यंत शहाणपणाचे वाटते, आणि गाडी विकणाऱ्यांनी अशा गावी येऊन दोन तास बसावे असेही वाटते.

ऑफ-रोड मोडाविषयी मात्र मतभेद आढळला. पांदणीवरून मळ्यात जाताना मोकळ्या मातीत एबीएसने ब्रेक वारंवार सोडला तर गाडी थांबता थांबत नाही, हा अनेकांचा अनुभव; चाक किंचित घसरून पुढे मातीचा ढीग साठला तरच ते लवकर थांबते. म्हणून एबीएसचा हस्तक्षेप कमी करणारा मोड उपयोगी, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष विचारतो, की १५७ मिलिमीटरची जमिनीपासूनची उंची आणि सतरा इंची रुंद डांबरी टायर असलेली जवळजवळ १९३ किलोची गाडी मातीत न्यायचीच कशाला? मळ्यासाठी घरी स्प्लेंडर असतेच. मी या दुसऱ्या पक्षाचा आहे. ज्या घरात अशी मोठी गाडी येते त्या घरात तिच्याआधीची शंभर सीसीची गाडी कधीच विकली जात नाही, ती धन्याकडून गड्याकडे जाते एवढेच. तेव्हा मातीतले काम तिच्याकडे सोपवण्यात कोणाचाच तोटा नाही.

जुन्या मालकांचा निवाडा निराळा पडतो, आणि या लेखात मला जे सांगायचे आहे ते मुख्यतः त्यांच्याविषयीच. नव्या मॉडेलचा खरा पारखी म्हणजे जुन्या मॉडेलचा मालक, कारण तिची सुखे त्याला माहीत असतात आणि तिची दुखणीही त्याच्याच अंगात मुरलेली असतात. पण तो निःपक्ष मात्र नसतो. मे २०२४ मध्ये बजाजने त्याच इंजिनावर पल्सर एनएस४००झेड ही हलकी आणि स्वस्त गाडी १ लाख ८५ हजारांना आणली, आणि केबल नसलेली मूठ, चार मोड, हे सारे आधी तिला दिले. त्या वेळी डॉमिनारवाल्यांची मनःस्थिती धाकट्या जावयाचा मानपान पाहणाऱ्या थोरल्या जावयासारखी झाली असल्यास नवल नाही. वर्षभराने ते देणे डॉमिनारला पोचले, तेव्हा धाकटीची ताकद ४३ पीएसवर गेली आणि क्लच न दाबता गिअर बदलण्याची सोय तिला मिळाली. थोरली ४० वरच राहिली. नागपूरहून आलेला, २०१९ चे मॉडेल वापरणारा एक बँकेतला गृहस्थ हा हिशेब पोह्यांच्या बशीवर बोट आपटत मला समजावून सांगत होता, आणि त्याच्या सुरात फिर्याद होती तेवढाच अभिमानही होता.

त्याच्या फिर्यादीचा पहिला मुद्दा थरथराटाचा. एकाच सिलिंडरच्या इंजिनात एकच मोठा दट्ट्या वर-खाली होतो, आणि मिनिटाला सहा हजार फेऱ्यांना तो सेकंदाला शंभर वेळा वर जाऊन शंभर वेळा खाली येतो. प्रत्येक टोकाला त्याने थांबून दिशा पालटायची असते. त्या धक्क्याचा तोल सांभाळणारा एक उलट फिरणारा दांडा इंजिनात असतो, पण तो सगळा धक्का गिळू शकत नाही. उरलेला धक्का एका ठरावीक वेगाला हँडल, आरसा आणि पायदाणी यांच्यात येऊन नांदतो. २०१९ मध्ये तो बराच कमी झाला हे सर्वमान्य आहे. पण मुठी, तबकडी आणि मोड बदलण्याने तो आणखी कमी होण्याचे कारण नाही. “हाताले मुंग्या येतात थे तबकडीवर दिसत नाही,” हे शेजारी उभ्या असलेल्या एका सौंसरकराचे भाष्य. ह्या एका वाक्यात फेरफारांच्या साऱ्या प्रकरणाचे मर्म आले. दालनात पाच मिनिटांत नजरेस पडते ते आधी सुधारते. चौथ्या तासाला मनगटाला कळते ते मागाहून.

ताकद वाढली नाही म्हणून रडणे, हा मात्र मला शुद्ध हट्ट वाटतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे चौपदरी हमरस्त्यावरसुद्धा दुचाकीला ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. मग चाळीस घोडे हवेत कशाला, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर वेगात नसून चढणीत आहे. मागे माणूस, कॅरिअरवर बॅग, पुढे कोळशाचा किंवा सिमेंटचा ट्रक आणि दोन वळणांमधला शंभर-दीडशे पावलांचा सरळ तुकडा : एवढ्यात गाडी ५० वरून ७५ वर न कुरकुरता गेली पाहिजे. सव्वाशे सीसीच्या गाडीवरचा माणूस या ठिकाणी जुगार खेळतो. डॉमिनारवरचा खेळत नाही. त्या कामाला ३५ न्यूटन-मीटरचा जोर पुरेसा आहे, आणि तो आहे तसाच राहिला यात बिघडले काही नाही. वाढीव तीन घोड्यांनी सिल्लेवानीचा घाट लहान होणार नाही.

टाकीबद्दलही असेच. तेरा लिटरची टाकी प्रवासी गाडीला अपुरी, असे हिमालयात जाणारे म्हणतात, आणि तिकडे ते खरेही असेल. लिटरला पंचवीस ते तीस किलोमीटर धरले तर नागपुरात भरलेली टाकी पचमढी दाखवते, आणि या वाटेवर पेट्रोल पंपांची वाण नाही. ज्या मुलखात गाडी राहते त्या मुलखाच्या अंतरांनी तिचे माप काढावे.

मेकॅनिकचे मत गाडीच्या जाहिरातीत कधी येत नाही, पण खेड्यापाड्यांत गाडी घ्यावी की न घ्यावी याचा अखेरचा हुकूम पुष्कळदा तोच देतो. सौंसरच्या एका गॅरेजात, जेथे भिंतीवर जुन्या चेनच्या साखळ्या लोंबत होत्या आणि ग्रीसने काळ्या पडलेल्या पाटावर सुटे भाग एका रांगेत मांडलेले होते, तेथल्या पन्नाशीच्या कारागिराने माझ्याशी बोलताना हातातला पाना खाली ठेवला नाही. “कार्बोरेटर मी डोये मिटून खोलत होतो. आता गाडी मले नाही, लॅपटॉपले सांगते काय दुखते थे,” असे तो म्हणाला. मुठीतली केबल तुटली तर तो दहा मिनिटांत दुसरी ओवून देत असे. केबलच्या जागी आलेला संवेदक बिघडला तर गाडी टेम्पोत घालून छिंदवाड्याला किंवा नागपूरला न्यायची. असे बिघाड क्वचित होतात हे त्यालाही मान्य होते. त्याचा खरा रोख होता तो चेन-स्प्रॉकेटवर : जोरदार गाडी, लाल-काळी धूळ आणि वंगण न घालणारा मालक, या तिघांची गाठ पडली की चेन वेळेआधी ताणते आणि खडखडू लागते. दर पाचशे किलोमीटरला ती धुऊन तेलवावी, असे तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो आणि येणारा प्रत्येक जण मान डोलावतो.

सीमेवरच्या माणसाच्या मतात आणखी एक हिशेब असतो, जो पुण्याच्या माणसाला सुचणारही नाही. गाडी नागपुरात घेतली तर निवड जास्त आणि सर्व्हिसिंगचा भरवसाही जास्त. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे परराज्यात नोंदलेली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ आपल्या राज्यात ठेवायची तर नवी नोंदणी, ना-हरकत दाखला, इकडचा कर, तिकडच्या कराच्या परताव्याचा अर्ज, असा दफ्तरी फेरा चुकत नाही. म्हणून बहुतेक लोक गाडी मध्यप्रदेशातच घेतात, ‘एमपी २८’ ची पाटी लावून नागपुरात हिंडतात, आणि कोराडी नाक्यापुढे हवालदाराने अडवले की आपण मराठीच आहोत हे त्याला पटवून देतात. गाडीच्या गुणदोषांत या गोष्टीची गणना करायची की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. येथे तरी ती पहिल्या पाच मिनिटांत निघते.

मागच्या सीटविषयी कोणी बोलत नाही. तबकडीवर, मोडांवर, घोड्यांवर तासभर खल करणाऱ्या त्या जमावात एक बाई होती, नागपूरची, नवऱ्यामागे बसून आलेली. तिला मी विचारले तेव्हा ती आधी नवऱ्याकडे पाहून हसली आणि मग म्हणाली, “गाडी कितीबी सुधरवा, मागचं मानूस कंपनीले दिसतच नाही.” मागची गादी उंच आणि आखूड, गुडघे वर, आणि घाटात ब्रेक लागला की सारे वजन पुढच्याच्या पाठीवर. २०२१ मध्ये पाठीला आधार मिळाला तेवढा एक दिलासा. पुढची उंच काच पुढच्याचा वारा अडवते, पण तोच वारा तिच्या कडेवरून उसळून मागच्याच्या हेल्मेटला लागतो, हे तिने जितक्या नेमकेपणाने सांगितले तितके मला कोठल्याही परीक्षणात वाचायला मिळालेले नाही. आपल्याकडे अशी गाडी दोघांच्या प्रवासासाठीच घेतली जाते. घरात ती यायची की नाही याचा कौलही बहुधा मागे बसणारीच देते. तेव्हा पुढल्या फेरफाराच्या वेळी कारखान्याने या आसनाची रुजवात आधी करावी.

या सर्व चर्चेला सप्टेंबर २०२५ मध्ये करखात्याने एक अनपेक्षित कलाटणी दिली. २२ सप्टेंबरपासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला, आणि त्याहून मोठ्या इंजिनांवर तो उपकरासह ३१ होता तो ४० झाला. डॉमिनार ४०० चे इंजिन ३७३.३ सीसीचे, म्हणजे अवघ्या २३ सीसींनी ती चढ्या पायरीवर पडली. तिची धाकटी बहीण डॉमिनार २५० मात्र खालच्या पायरीवर राहिली. तिलाही जुलैमध्ये तीच रंगीत तबकडी मिळाली आहे; मूठ जुन्या केबलचीच, तरी एबीएसचे चार मोड तिला दिले आहेत; इंजिन २४८.८ सीसीचे, ताकद २७ पीएस, आणि वजन थोरलीपेक्षा पुष्कळ कमी. केबल असल्यामुळे आमच्या गॅरेजवाल्याचाही तिच्याविषयी आक्षेप नाही. संत्र्याच्या बागेचा तो तरुण, जो रेन मोडावर लुब्ध झाला होता, तो आता आंबिया बहाराची तोड उरकली की नागपूरला जाऊन दोन्ही गाड्या एकाच दिवशी चालवून पाहणार आहे, आणि त्या दिवशी आईला मागे बसवून नेणार आहे. २५० च्या सीटवर ती सावनेरपर्यंत न कण्हता बसली तर सौदा तेथेच ठरवायचा, असे त्याच्या घरात ठरले आहे.